शब्दांच्या आधीचे बोट



या शाळेतून बाहेर पडले आणि विवाहानंतर जयपूरची झाले. जयपूर म्हटले की आपल्याकडे 'जयपूर फूट' आठवतो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात तो घडवला. गमावलेला पाय दुरूनही दिसतो. माझ्या मुलाची अडचण मात्र, तो माझ्या मांडीवर असतानाही, मला दीड वर्ष दिसली नाही.

दोन वर्षांचा झाला तरी तो बोलत नव्हता. सासूबाई म्हणत, "घरात मराठी, दारात हिंदी, लेकरू गोंधळणारच." परप्रांतातील मराठी घरांत हे वाक्य नेहमीचेच. मलाही ते पटले, कारण ते सोयीचे होते. परंतु दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. भाषा कोणतीही असो, मूल शब्दांआधी बोटाने बोलते. कावळा दिसला की बोट दाखवते आणि आईनेही पाहिला ना, म्हणून वळून तिच्या तोंडाकडे पाहते. माझा मुलगा तहान लागली की माझे मनगट धरून हात माठावर नेऊन ठेवी. चेहऱ्याकडे पाहत नसे. मी हे पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे!

वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात हरवले, तर वाट पाहू नये. एका खुणेवरून निदान होत नाही. आधी श्रवणतपासणी, मग बालविकासतज्ज्ञांकडे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा अकरा मुलांचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे दोष आईच्या कोरडेपणाला दिला गेला. तो समज केव्हाच खोटा ठरला आहे, हे घरात सांगताना मात्र मला धीर एकवटावा लागला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. शाळेत प्रवेश मागताना तो ठाऊक असावा.

कोणी सुचवले, मराठी बंद करा. मी केली नाही. आजीशी तो मग कोणत्या भाषेत बोलला असता? संक्रांतीला जयपूरचे आकाश पतंगांनी भरते. सहाव्या वर्षी गच्चीवर त्याने एका पतंगाकडे बोट दाखवले आणि वळून माझ्याकडे पाहिले.

कार्यक्रमानंतर मी सभागृहातच थांबणार आहे. ज्यांना एकांतात काही विचारायचे असेल, त्यांनी निःसंकोच यावे.