सुट्टी मे महिन्यात, अर्ज नोव्हेंबरात



बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला घरी-दारी एकच प्रश्न विचारला जातो, "पुढे काय?" उत्तरंही ठरलेली असतात. बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर औषध कंपनीत एम.आर. प्रयोगशाळा या यादीत सहसा नसते. खरं तर सरकारी विज्ञानसंस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र-गोव्याइतकं सुदैवी फार कुणी नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयआयटीएम आणि एनआयव्ही. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कुलाब्याला टीआयएफआर. नागपुरात नीरी, तर गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

नारायणगावजवळच्या खोडदचंच पाहा. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, तिथे आसपासच्या शाळांची झुंबड उडते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना, एकेकीचा व्यास 45 मीटर. मुलं मान वर करून बघतच राहतात. पण ही दुर्बीण चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रकल्पासाठी घेते, हे त्यांतल्या किती जणांना पुढे कळतं?

उन्हाळी संशोधनाची सर्वांत मोठी वाट देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून आखली आहे. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि त्याला विद्यावेतनही मिळतं. मेख आहे ती तारखेत. प्रयोगशाळेत जायचं उन्हाळ्यात, पण अर्जाची मुदत संपते सहसा नोव्हेंबरअखेर. टीआयएफआरच्या उन्हाळी प्रकल्पांचे अर्जही हिवाळ्यातच भरावे लागतात. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपून जो चौकशीला निघतो, त्याचं ते वर्ष हातचं गेलेलं असतं.

अर्जात गुणांइतकंच वजन असतं ते छोट्या टिपणाला आणि शिक्षकांच्या शिफारसपत्राला. "मला रसायनशास्त्राची आवड आहे" हे वाक्य शेकडो अर्जांत सापडतं. "उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट का वाढतं, ते मोजून पाहायचं आहे" असं लिहिणारा विद्यार्थी मात्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. तो तालुक्याच्या कॉलेजातला असला तर उलट बरंच. विहीर त्याच्या घराशेजारीच असते.

आता नोकरीविषयी. भाभा केंद्राची ट्रॉम्बेची प्रशिक्षण शाळा 1957 साली सुरू झाली. व्हीजेटीआयमधून 1963 साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अनिल काकोडकर याच शाळेतून अणुऊर्जा खात्यात आले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. इंजिनिअर आणि एम.एस्सी. झालेल्यांना आजही तिथे गेटच्या गुणांवर किंवा ऑनलाइन परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. बी.एस्सी. आणि डिप्लोमावाल्यांसाठी भाभा केंद्राची वेगळी प्रशिक्षणार्थी भरती असते. त्यातून वैज्ञानिक सहायक घडतात. हवामान खात्याने आपल्या वैज्ञानिक सहायकांची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत केलेली आहे. भूविज्ञानात एम.एस्सी. केलेल्यांसाठी यूपीएससीची स्वतंत्र परीक्षा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ तिथूनच माणसं घेतात. संशोधनाकडे वळणाऱ्याला सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. घरी समजावून सांगायला हा आकडा उपयोगी पडतो!

जिथे नोकरी तिथे भामटेही आले. विज्ञानसंस्थेच्या नावाने बनावट नेमणूकपत्र येतं आणि "अनामत" मागितली जाते. खऱ्या भरतीत परीक्षेचं शुल्क असू शकतं, नेमणुकीसाठी पैसे कधीच नसतात. जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा 'रोजगार समाचार'मध्ये ताडून पाहावी. तिथे ती सापडली नाही, तर पालकांनी एक रुपयाही देऊ नये.

प्राध्यापकांना एकच विनंती. शिफारसपत्र मागायला आलेला विद्यार्थी पुष्कळदा दारातच घुटमळतो. त्याला आत बोलवा आणि पत्रात त्याने प्रात्यक्षिकात नेमकं काय केलं ते लिहा. आणि प्राचार्य महोदय, विज्ञान विभागाच्या फलकावर या अर्जांच्या तारखा जूनमध्येच लागाव्यात. पुढच्या स्नेहसंमेलनात वार्षिक अहवाल वाचला जाईल, तेव्हा क्रीडा स्पर्धांच्या निकालांपाठोपाठ उन्हाळ्यात या कॉलेजचं कोण कुठल्या प्रयोगशाळेत काम करून आलं, हेही नावानिशी वाचलं जावं.