दर महिन्याचं दुखणं, दर महिन्याचा खर्च

(तासगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. एखादा आजार घरात कायमचा राहायला आला की पैसा कुठून जातो आणि मदत कुठे अडते, एवढंच सांगणार आहे.

माझ्या आजाराचं नाव सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिस तुम्ही पाहिलेला असतो: कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लालसर चट्टे आणि त्यावर पांढरट खपल्या. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते. तो स्पर्शाने पसरत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. सोरायसिस असलेल्यांपैकी काही जणांत, काही अभ्यासांनुसार तीस टक्क्यांपर्यंत, हीच गडबड सांध्यांपर्यंत पोहोचते. बोट सुजून सॉसेजसारखं गोल होतं. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. टाच दुखते. सकाळी उठल्यावर तासभर हात मिटत नाही. कीबोर्डवर पोट भरणाऱ्या माणसाला हे काय असतं ते समजावून सांगायला नको.

निदानाला मला दोन वर्षं लागली. हाडांच्या डॉक्टरांनी बोटं पाहिली, त्वचेच्या डॉक्टरांनी कोपर पाहिलं. रक्तातला आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला, तेव्हा एका ठिकाणी सांगण्यात आलं की वात नाही, टेन्शन आहे. खरं तर या आजारात तो फॅक्टर बहुतेकदा निगेटिव्हच येतो. हा आजार पक्का सांगेल अशी एकच रक्ततपासणी नाही. चट्टे, नखं, सांधे आणि घरातला इतिहास एकत्र पाहावा लागतो. पुण्यात रूमॅटॉलॉजिस्टनी पहिल्यांदा विचारलं, घरात कुणाला होतं का? मला फुफी आठवली.

फुफी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. हंगामात दिवसभर मांडी घालून बसायचं, काड्या आणि डागी बेदाणा वेगळा करायचा. तिची बोटं वाकडी झाली होती आणि डोक्यात सतत खपल्या असायच्या, म्हणून ती ओढणी कधी सैल सोडायची नाही. सगळे म्हणायचे, वात आहे. तिचं निदान कधी झालंच नाही, म्हणून तिला हाच आजार होता असं मी म्हणणार नाही. पण तिची मजुरी कशी बुडत गेली ते मी पाहिलं आहे. माझी बोटं सुजली की मी आजारपणाची रजा टाकतो. बेदाण्याच्या शेडवर रजा नसते, दुसरी बाई येते.

सांधेदुखी किती जणांना असते याचा महाराष्ट्रातला एक चांगला दाखला आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं. आता सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाकडे पाहा: मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, हृदयविकार. हे आजार त्यात असायलाच हवेत. पण सांधेवात तिथे नाही. सांधेवाताने माणूस पटकन मरत नाही, हे त्याचं कारण असावं असा माझा अंदाज आहे.

आता पैशाकडे येतो. सुरुवातीची गोळी मेथोट्रेक्सेट. ती स्वस्त आहे, महिन्याला शंभर-दोनशेच्या आत-बाहेर. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या घरी पाकिटावर मार्करने ‘जुम्मा’ लिहिलेलं असतं. (रमजानमध्ये तीच गोळी इफ्तारनंतर घेतो. आजारात रोजाची सवलत आहे आणि नमाज खुर्चीवर बसून पढता येते, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.) गोळी स्वस्त असली तरी लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या दर दोन-तीन महिन्यांनी कराव्या लागतात. गोळीपेक्षा तपासणी महाग आणि तपासणीपेक्षा पुण्याची फेरी महाग, असा हा हिशेब आहे.

गोळीने भागलं नाही की बायोलॉजिक इंजेक्शनं. माझं दर पंधरा दिवसांनी असतं. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडॅलिमुमॅबची जगातली पहिली नक्कल-आवृत्ती बाजारात आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. तेव्हापासून किंमत उतरली, तरी मला महिन्याला वीस हजारांच्या आसपास पडतात. ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावी लागते, कारण अंगात दबलेला टीबी या औषधाने उसळू शकतो. टोफॅसिटिनिब नावाची गोळीही आता भारतीय कंपन्यांची मिळते, ती इंजेक्शनापेक्षा बरीच स्वस्त आहे. सगळ्यांना चालते असं नाही, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

विमा आहे ना, असं लोक म्हणतात. आहे. कंपनीची ग्रूप पॉलिसी आहे. इंजेक्शनाचं बिल पाठवलं तर उत्तर आलं की रुग्ण दाखल नव्हता. पेनसारखं हे इंजेक्शन मी घरी स्वतः घेतो, त्यासाठी खाट कशाला अडवू? विमा नियामकाने २०१९ मध्ये, ज्यांना पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाही अशा आधुनिक उपचारांची यादी काढली. त्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत. ते पान जोडून मी पुन्हा अर्ज केला. सहा महिन्यांनी अर्धी रक्कम मिळाली, पुढच्या वेळी पुन्हा तोच पत्रव्यवहार. मला मराठी-इंग्रजीत पत्र लिहिता येतं. ज्याला येत नाही त्याने काय करायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पण ती योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेली आहे. गुडघा पूर्ण झिजला की बदलण्यासाठी मदतीचा रस्ता निघू शकतो. तो झिजू नये म्हणून दरमहा लागणाऱ्या औषधाला रस्ता नाही. आयकराच्या ८०डीडीबी कलमाच्या यादीत कॅन्सर, किडनी, हिमोफिलिया आहेत, सांधेवात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातही या आजाराचं नाव नाही. हालचालीवर मर्यादा आली असेल तर अस्थिव्यंग म्हणून तपासणी होते आणि ४० टक्क्यांची रेषा ओलांडावी लागते. आणि औषध लागू पडलं की टक्के कमी भरतात!

आपल्या समाजाचंही बोलायला हवं. ऑपरेशनसाठी झोळी फिरते, जकातीतून रक्कम मिळते, तरुण पोरं रक्त द्यायला मिरजेला धावतात. हे मी कमी लेखत नाही. पण दरमहा दोन हजारांच्या औषधासाठी कुणी झोळी फिरवत नाही, आणि मागणाऱ्यालाही लाज वाटते. मग माणूस पुडीवाल्याकडे जातो. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस छान वाटतं. पुडी एकदम थांबली की सोरायसिस अंगभर फुटू शकतो. मला हिजामा करायचाही आग्रह झाला. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की सोरायसिसच्या माणसाला जिथे जखम होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. मी केलं नाही. आग्रह करणारे माझ्या भल्यासाठीच बोलत होते, हेही खरं.

मुलींच्या बाबतीत हे सगळं दुप्पट होतं. स्थळ मोडेल म्हणून चट्टे लपवायचे, आणि चट्टे लपवले की सांधे दाखवायलाही उशीर. सहा महिन्यांचा उशीरसुद्धा सांध्यांना नडतो, असं अभ्यास सांगतात. शिवाय मेथोट्रेक्सेट चालू असताना गरोदर राहून चालत नाही, औषध आधीच बंद करावं लागतं. नवऱ्यापासून आणि सासूपासून लपवून गोळी घेणाऱ्या मुलीला हे सांगणार कोण?

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी असं कायमचं औषध चालू आहे, सांध्यांचं असो की दुसरं कुठलं, त्यांनी औषधाचं नाव, महिन्याचा खर्च आणि त्यासाठी कुठल्या गावाला जावं लागतं एवढं लिहावं. स्वतःचं नाव लिहायची गरज नाही. तालुक्याचा आकडा हातात आला की, ही औषधं आणि तपासण्या सरकारी दवाखान्यात मिळाव्यात यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आहे. त्याचा मसुदा मी लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी टेबलाशी दोघी बहिणी बसल्या आहेत, त्या लिहून घेतील.