मिठाचा मक्ता आणि मुरगावची रेल्वे



आम्ही डिप्लोमावाले, रूळ आणि घाट यांचा खर्च आम्हाला कळतो. त्यात न दिसणारी एक रक्कम सांगतो.

१८७८ साली इंग्रज-पोर्तुगीज करार झाला. मुरगाव बंदर रेल्वेने ब्रिटिश मुलखाशी जोडायचे ठरले आणि गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. तिथले स्वस्त मीठ कर चुकवून घाटावर येऊ नये, हा हेतू. पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळाले. अनेक मिठागरे मात्र बंद पडली.

१६७१ मध्ये शिवाजी महाराजांनीही बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले होते, पण आपल्या मुलखातले मीठ खपावे म्हणून. इथे आगरी माणूस हिशेबातच नव्हता.

१८९२ मध्ये करार संपला, रेल्वे राहिली. नवी लाईन टाकताना ती कोणाच्या पोटावरून जाते, हेही मोजूया.