वडीलधाऱ्यांसाठी संगणक : निवड आणि विवेक



दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. जी मुले शिकून नोकरीस लागली, ती पुण्या-मुंबईस स्थायिक होतात. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावात मागे उरतात ती वयोवृद्ध माणसे आणि नातवंडे. पूर्वी या माणसांचा बाहेरगावी गेलेल्या मुलांशी संबंध पोस्टकार्डावर अवलंबून असे. आज सातबारा, निवृत्तिवेतन, बँक आणि नातवाचे तोंड, हे सारेच काचेच्या पडद्यावर आले आहे. साहजिकच शहरातील मुलाचा एके दिवशी निरोप येतो : “अण्णा, तुमच्यासाठी एक स्वस्तातला कॉम्प्युटर पाठवतो.” हा निरोप प्रेमाचा असतो, यात शंका नाही. तथापि पाठविलेले यंत्र महिन्याभरातच कापडाखाली झाकून ठेवलेले दिसते, हाही अनेक घरांतील अनुभव आहे.

प्रथम विचार व्हावा तो गरजेचा. निवृत्त शिक्षकास दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा सुरू केली आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय तीत आली. ही सोय अँड्रॉइड मोबाइलवर चालते. संगणकावर हेच काम करावयाचे तर अंगठ्याचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे टिपणारे वेगळे उपकरण जोडावे लागते. आणि शेतात राबलेल्या बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत, हे कोणत्याही सेवा केंद्राचा चालक सांगेल. तेव्हा केवळ या एका कामासाठी संगणक घेणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोटार बसविण्यासारखे होय. ज्यांची गरज दाखला, व्हिडिओ कॉल आणि कीर्तन ऐकणे एवढीच आहे, त्यांना मोठ्या पडद्याचा साधा मोबाइल किंवा टॅबलेट पुरतो. ज्यांना लिहावयाचे आहे, पतसंस्थेचा हिशेब ठेवावयाचा आहे, सातबारा किंवा शासन निर्णय काळजीपूर्वक वाचावयाचा आहे, त्यांच्यासाठी मात्र संगणकाला पर्याय नाही. ज्या मुलखात दासोपंतांनी अंबाजोगाईस सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ग्रंथ उतरविला, तेथील वाचकास वीतभर पडद्यावर समाधान मानावयास सांगणे तसेही बरे नव्हे.

स्वस्ताईचा मोह कोठे नेतो, याचे उदाहरण फार जुने नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा टॅबलेट प्रकाशित केला. त्याची किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये होती आणि जगभर तिचे कौतुक झाले. परंतु त्या पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि स्मृती अवघी २५६ एमबी होती. हेतू उदात्त होता. पण वापरणाऱ्याच्या हाताला यंत्र कसे वाटेल, हा प्रश्न किमतीच्या मागे राहिला.

आजचा मोह निराळा आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. काही अटींवर आणखी एका वर्षाची सवलत ठेवण्यात आली, एवढेच. विंडोज ११ ही पुढील प्रणाली साधारणतः २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. अशी यंत्रे कार्यालये काढून टाकतात आणि ती पुसून-पासून, नव्या पिशवीत घालून, तालुक्याच्या बाजारात येतात. यंत्र दिसावयास चकचकीत असते. पण ज्यावर वडिलांचे निवृत्तिवेतन हाताळले जाणार, त्याला सुरक्षेचे कवच नसणे ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून जुने यंत्र घेताना प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे विचारलेच पाहिजे. इंटेलचा असल्यास आठव्या पिढीच्या आधीचा नसावा. रॅम ८ जीबी असावी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. या एका बदलाने जुने यंत्रही मिनिटभराच्या आत सुरू होते. वृद्ध माणूस यंत्र सुरू होण्याची वाट पाहत बसत नाही. तो उठून ओट्यावर जातो. फार जुने यंत्र घरातच पडून असेल, तर पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या पुढाकारातून तयार झालेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित विनामूल्य प्रणाली किंवा तत्सम दुसरी एखादी बसवून पाहता येते. मात्र ती बसवून देणारा जाणकार गावात हवा.

विजेचा प्रश्न येथे विसरून चालत नाही. टेबलावरच्या संगणकाचा पडदा मोठा असतो, हे खरे. पण वीज जाताच तो बंद पडतो आणि यूपीएसचा खर्च वाढतो. खेड्यातील घरासाठी पंधरा इंची पडद्याचा लॅपटॉप आणि त्यास जोडलेला वेगळा माऊस, ही जोडी अधिक सोयीची. लॅपटॉपवरील स्पर्शपट्टी थरथरत्या बोटांना जुमानत नाही. माऊसचा वेग कमी करावा, बाण मोठा करावा, अक्षरे दीडपट करावीत. ही कामे पाच मिनिटांची आहेत, पण पाठविणारा मुलगा ती करीत नाही आणि वडील विचारीत नाहीत.

मराठी लिहिण्याचेही तसेच. इनस्क्रिप्ट ही कळरचना भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकाचा भाग आहे व ती बहुतेक यंत्रांत आधीच असते. फक्त चालू करावी लागते. तिच्यात स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने उजव्या हाताखाली येतात. नव्याने शिकणाऱ्यास ती सोपी जाते. मात्र ज्यांनी कचेरीत तीस वर्षे मराठी टंकलेखन केले, त्यांच्या बोटांना रेमिंग्टन रचनाच ओळखीची असते. ती त्यांना द्यावी. साठीनंतर बोटांना नवे वळण लावण्याचा हट्ट कशासाठी?

यंत्र घरात आल्यावर खरा धोका दाराबाहेरून येतो. पोलीस अधिकारी असल्याचे भासवून ‘डिजिटल अटक’ करणारे फोन, पेन्शन बंद होईल म्हणून ओटीपी मागणारे फोन, यांत आयुष्याची पुंजी जाते आणि अनेक वृद्ध लाजेपोटी मुलांनाही ती गोष्ट सांगत नाहीत. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करण्याची तरतूद कायद्यात नाही. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. युसूफ वडगावास पोलीस ठाणे गावातच आहे, ही येथील ग्रामस्थांची जमेची बाजू. निवृत्तिवेतनाच्या मुख्य खात्याऐवजी थोडी रक्कम असलेले दुसरे खाते मोबाइलशी जोडले, तर झालीच तर हानी मर्यादित राहते.

आता खरेदीची गोष्ट. ती शहरातल्या मुलाने एकट्याने करू नये. शक्य असेल तर वडिलांना केज किंवा अंबाजोगाईच्या दुकानात न्यावे, यंत्रासमोर पंधरा मिनिटे बसवावे आणि त्यांच्याच गट नंबरचा सातबारा त्यांना उघडून वाचू द्यावा. अक्षर दिसते का, माऊस हाती राहतो का, चार्जरची पिन अंधारात लावता येईल का, हे तेथेच कळते. पावती आणि वॉरंटीचा कागद मागून घ्यावा. आणि पासवर्ड ठरवावयाचा तो वडिलांनी स्वतः, नातवाने नव्हे.