ज्या कामाला सवड नसते

(अकादमीच्या कार्यशाळेत, प्रकल्प हाती घेणाऱ्या लेखक-अध्यापकांसमोर केलेले भाषण)



'प्रकल्प व्यवस्थापनाची ओळख' हा विषय साहित्याच्या प्राध्यापिकेकडे कसा आला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मला हा विषय एका चुकीने शिकवला. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या जुन्या मराठी घरांतील बोली नोंदवण्याचे काम मी हाती घेतले. मुदत एक वर्षाची, अनुदान माफक, मदतीला दोन विद्यार्थिनी. प्रश्नावली अगदी निर्दोष हवी, या हट्टापायी पहिले पाच महिने गेले. राजवाड्याच्या बाजूला एक आजी राहत. त्यांच्या सासऱ्यांचे लुगड्यांचे दुकान होते. महेश्वरी लुगड्यांच्या काठांची आणि रंगांची कितीतरी नावे त्यांच्या तोंडी होती. त्यांचा दोनदा फोन आला. "अगं, केव्हा येतेस? आम्ही पिकली पानं." मी म्हणाले, "आजी, प्रश्नावली झाली की येतेच." प्रश्नावली झाली, तेव्हा आजी नव्हत्या. त्यांच्या सुनेला त्यांतली दोन-तीन नावे आठवली. बाकीची आमच्या अहवालात नाहीत आणि आता कुठे मिळतील असेही वाटत नाही.

त्यानंतर मी या शास्त्राची प्राथमिक पुस्तके वाचायला घेतली. त्यांतल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट व्याप्तीची. काय करायचे हे आपण हौसेने लिहितो, काय करायचे नाही हे लिहीत नाही. 'माळव्यातील मराठी' असा विषय घेतला की त्यात इतिहास येतो, लोकगीते येतात, स्वयंपाकही येतो. आमच्या अर्जात एकच वाक्य हवे होते : सत्तरी ओलांडलेल्या तीस व्यक्ती, प्रत्येकी दोन तास मुद्रण, विषय घर आणि व्यवसाय. व्याप्ती, वेळ आणि पैसा हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात. व्याप्ती वाढवली आणि उरलेले दोन तसेच ठेवले, तर कामाचा कस उतरतो.

दुसरी गोष्ट कामाचे तुकडे पाडण्याची. 'ध्वनिमुद्रण करणे' हे काम नव्हे, ते कामांचे गाठोडे आहे. गाठोडे सोडले की खरा हिशेब दिसतो. आमच्या अनुभवात एका तासाचे मुद्रण कागदावर उतरवायला सात तास लागले. साठ तासांच्या मुद्रणाला ४२० तास झाले. दोन विद्यार्थिनी आठवड्याला प्रत्येकी दहा तास देणार, म्हणजे २१ आठवडे. अर्जात मी सहा आठवडे लिहिले होते! हा गुणाकार करायला डॉक्टरेट लागत नाही, पण मी तो केला नव्हता.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने कामे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारे तक्ते रूढ केले. कोणते काम केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे त्यात एका नजरेत दिसते. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या रसायन कंपनीत 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत आकाराला आली. तिचे सूत्र साधे आहे. काही कामे थोडी लांबली तरी चालते. त्यांना सवड असते. काही कामांना सवड नसते. ती एक दिवस लांबली की सगळे काम एक दिवस लांबते. अशा कामांची साखळी आधी शोधायची आणि तिच्यावर लक्ष ठेवायचे. मुखपृष्ठाला सवड असते, प्रस्तावनेला असते. मुद्रण चालू असतानाच ते कागदावर उतरवायला घेता येते. आमच्या प्रकल्पात सवड नव्हती ती बोलणाऱ्यांच्या वयाला. नेमके तेच काम मी शेवटी ठेवले होते.

चौथी गोष्ट जोखमीची. काय बिघडू शकते याची यादी पहिल्याच आठवड्यात करावी. आजारपण, परीक्षा, बिघडलेले यंत्र, ३१ मार्चच्या आत खर्च न झालेले अनुदान. प्रत्येकीपुढे उपाय लिहावा आणि तो कोण करणार त्याचे नावही लिहावे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : वाङ्मयीन काम वेळापत्रकात बसत नाही. कविता बसत नाही, हे मान्य. पण कोश, संपादन, सर्वेक्षण ही कामे बसवावीच लागतात, आणि आपल्या भाषेत ती बसवली गेली आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० ते १९२९ या काळात २३ खंडांत निघाला. त्यासाठी त्यांनी मर्यादित भांडवलाची कंपनी काढली, भाग विकले आणि वर्गणीदार जमवले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे होते, अकारविल्हे मजकूर नंतर सुरू झाला. अकारविल्हे कोशात 'अ'ची एक नोंद अडली की सगळा खंड अडतो. विषयवार प्रस्तावनाखंडांना ही अडचण कमी. ते आधी निघाल्याने पुढच्या नोंदींना सवड मिळाली असावी, असा माझा तर्क आहे. या उद्योगाची हकीकत केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतः लिहिली. कामाची सांगता कशी करावी, याचा तो धडाच आहे. आपण मात्र उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले की फाइल बंद करतो. काय चुकले ते लिहून ठेवत नाही, आणि पुढचा अध्यापक तीच चूक नव्याने करतो.

दुसऱ्या वेळी मी एवढेच केले. सांगणाऱ्यांची यादी वयाप्रमाणे लावली. दहा प्रश्न एका कागदावर लिहिले आणि साधा मोबाइल घेऊन पहिल्याच आठवड्यात यादीतल्या पहिल्या घरी गेले. प्रश्न अपुरे होते. ते पुढच्या घरांत सुधारत गेले. पण आवाज हाती आला होता.

तुमच्यापैकी अनेकांचे अर्ज या वर्षी मंजूर झाले आहेत, त्याबद्दल अभिनंदन. घरी गेल्यावर कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : याला सवड आहे की नाही? जिथे 'नाही' लिहाल, तिथे उद्याच जा.