सोमवारचा दमा

(इचलकरंजी येथे वस्त्रोद्योगातील कामगार व त्यांच्या कुटुंबीयांपुढे एका छातीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून इथल्या कित्येक घरांचा दिवस मागाच्या खडखडाटाने उजाडतो. अशा गावात येऊन कापसाविषयी चार शब्द सांगणे म्हणजे कोल्हापूरकराला कुस्तीचे डाव शिकवण्यासारखे आहे. म्हणून मी कापसाविषयी बोलणार नाही. कापसाबरोबर जे छातीत जाते, त्याविषयी बोलणार आहे.

प्रारंभीच स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. १९८२ च्या गिरणी संपापूर्वीची गोष्ट. मुंबईतील एका रुग्णालयात मी नुकताच रुजू झालो होतो. लालबागच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ खोकला आणि दम घेऊन आले. थुंकीत क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी क्षयाची औषधे चालू होती. गिरणगाव, कामगार आणि खोकला एवढे तीन शब्द कानी पडले की त्या काळी आमची लेखणी आपोआप त्याच औषधांकडे वळे. मीही तेच केले. क्ष-किरण चित्र पाहिले, थुंकी पुन्हा तपासायला पाठवली आणि कागद पुढे सरकवला. तेवढ्यात त्यांची पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सोमवारी पाळीवरून आले की हे रात्रभर भिंतीला टेकून बसतात. शनिवारी मात्र गाढ झोपतात. क्षयाला वार कळतो का हो?"

क्षयाला वार कळत नाही. कळतो तो कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकाराला. ते गृहस्थ वीस वर्षे कार्डिंग खात्यात होते आणि मी त्यांना 'आपण काम काय करता?' एवढेही विचारले नव्हते. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रोग्याला हा प्रश्न विचारावा असा आग्रह धरला होता. अंबाडी आणि जवसाचे धागे विंचरणाऱ्यांचा खोकला त्यांनी त्याच ग्रंथात नोंदवला आहे. तो प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचायला पावणेतीनशे वर्षे लागली, आणि तोही त्या माउलीच्या मुखातून!

या विकाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. तलम तागाच्या वस्त्राला असलेल्या ग्रीक शब्दावरून आद्रियां प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ साली हे नाव दिले. (प्रसिद्ध कादंबरीकार प्रूस्त यांचे हे वडील.) त्याआधी १८३१ साली मँचेस्टरच्या डॉ. के यांनी सूत कातणाऱ्यांच्या छातीच्या विकाराचे वर्णन केले होते. ब्रिटनने १९४० साली यासाठी भरपाईचा कायदा केला. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि हा रोग इथेही आहे हे पुराव्यानिशी मांडले.

आता सोमवारच का, हे पाहू. कापसाच्या गासडीत नुसता कापूस नसतो. सुकलेली पाने, बोंडाची टरफले आणि देठ यांचा चुरा त्यात असतो आणि त्यावर जिवाणू वाढलेले असतात. गासडी फोडताना, पिंजताना हा चुरा धुळीच्या रूपाने उडतो. त्या जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य श्वासनलिकांना दाह करते आणि त्या आवळल्या जातात. रोजच्या रोज धूळ जात राहिली की शरीर तिला काहीसे सरावते आणि त्रास कमी झाल्यासारखा वाटतो. सुट्टीच्या दिवशी हा सराव मोडतो. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत, काही तासांनी, छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटू लागते. जिथे शुक्रवारी माग बंद असतात, तिथे या रोगाचा सोमवार शनिवारी येतो.

मला इथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण होते. त्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराला एक दिवस विसावा मिळावा, आपल्या समाजासाठीही त्याला वेळ देता यावा, ही त्यांची दृष्टी होती. फुप्फुसांचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. परंतु सातही दिवस धुळीत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपला दम कशाने लागतो हे कधीच उमगले नसते. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या त्या एका दिवसाने बाकीच्या सहा दिवसांचे खरे रूप दाखवले.

हा रोग पायरीपायरीने चढतो. प्रथम एखाद्या सोमवारी छाती आवळते. मग प्रत्येक सोमवारी. मग मंगळवार, बुधवारही त्यात येतात. अखेरीस वार उरतच नाही. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना दम लागतो आणि तो परत जात नाही. बिडी ओढणाऱ्याची ही वाट अधिक लवकर सरते. पहिल्या पायऱ्यांवर धुळीतून बाहेर पडले तर माणूस बहुधा सावरतो, शेवटच्या पायरीवर आमच्या हाती फारसे काही राहत नाही. आणखी एक अडचण अशी की, दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसच्या खुणा क्ष-किरण चित्रात दिसतात, तशा बिसिनोसिसच्या नेमक्या खुणा दिसत नाहीत. 'फोटो स्वच्छ आहे' असे सांगून डॉक्टर मोकळे होतात आणि रोगी दुसऱ्या दिवशी पाळीवर जातो.

तुमच्यापैकी बरेच जण तोंडाला रुमाल बांधतात. डोळ्यांना दिसणारे कापसाचे पुंजके त्याने अडतात, परंतु ते घशातच अडकणारे असतात. खोल जाणारी धूळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून बारीक असते, आणि ती रुमालातून पार होते. दाबाच्या हवेने यंत्र साफ करणे, सुक्या झाडूने शेड झाडणे, यांनी बसलेली धूळ पुन्हा नाकापर्यंत येते. ती यंत्रापाशीच शोषून घेणे हाच खरा उपाय. अमेरिकेने १९७८ साली सूत कातण्याच्या विभागांसाठी घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम कापूसधुळीची मर्यादा घातली. गिरणीमालक न्यायालयात गेले. १९८१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

आपल्या कायद्यातही या रोगाचे नाव होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता आणि तो आढळल्यास सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. माझ्या व्यवसायबंधूंनी ते किती वेळा केले, हे मी न बोलणेच बरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली आहे. ठरवून दिलेल्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ती सांगते, आणि हे स्वागतार्हच आहे. परंतु पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे, आता २० लागतात. मुंबईच्या गिरणीत एका भोंग्यावर हजारो माणसे आत जात, त्यांची मोजदाद तरी होत असे. सहा-आठ माणसांच्या यंत्रमागाच्या शेडमधला दम कोणत्या नोंदवहीत लिहायचा? त्या शेडचा मालकही पुष्कळदा त्याच हवेत उभा असतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ही मालक आणि कामगार यांच्या भांडणाची गोष्ट नाही. एकाच छपराखालच्या माणसांनी मिळून करायची गोष्ट आहे.

नोंदवही नसेल तर ती आपण घालू. जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याचे एक साधे, स्वस्त यंत्र मिळते, पीक फ्लो मीटर. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीआधी तीन वेळा फुंकायचे, पाळी संपल्यावर पुन्हा तीन वेळा, आणि दोन्ही वेळचे सर्वांत मोठे आकडे वार घालून लिहायचे. असे चार-पाच आठवडे केले की ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा, की मी गासडी फोडतो, मी कांडी भरते, मी माग चालवतो. भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. घरातला माणूस कोणत्या वारी उशी उंच करून झोपतो, हे तुम्हाला आमच्याआधी कळते. तेही वहीत लिहा.

दोन मीटर मी सोबत आणले आहेत, ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना सुट्टीनंतर उद्या पहिली पाळी आहे, त्यांनी आधी पुढे यावे.