गेमिंगमधला पैसा नेमका येतो कुठून?

मागच्या भागानंतर दोन प्रकारचे मेसेज खूप आले. पहिला, "दादा, गेमिंगसाठी कंट्रोलर कोणता घेऊ?" आणि दुसरा जरा दबक्या आवाजातला, "पैशाची अ‍ॅप्स बंद झाली ना, मग आता टेलिग्रामवरच्या लिंकवरून खेळलं तर चालतं का?" दोन्ही आज एकत्र घेतोय. कारण दोन्हीकडे आधी एकच गोष्ट बघायची आहे. समोरचा माणूस कमावतो कशावर?

कन्सोलपासून सुरू करू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये. एवढ्या पैशात आपल्याकडे सेकंडहँड गाडी येते. आपल्याला वाटतं कंपनी यात तुफान कमावत असणार. पण त्याच २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटला चालला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी कोर्टात सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर आम्हाला नफा होत नाही. मग पैसा कुठून येतो? स्टोअरवर विकल्या जाणाऱ्या गेममधून साधारण ३० टक्के कट, महिन्याचं सबस्क्रिप्शन, आणि जोडीला कंट्रोलर, हेडसेट, चार्जिंग डॉक. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच हिशोब.

म्हणून अ‍ॅक्सेसरीजवर कंपन्यांचा एवढा डोळा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सने परवाना नसलेले कंट्रोलर आणि अडॅप्टर कन्सोलवर चालणं बंद केलं. कारण सुरक्षेचं आणि परफॉर्मन्सचं दिलं, पण परवान्याचे पैसेही असतातच ना. तेव्हा कन्सोलसाठी स्वस्तातलं काही घेताना "परवाना आहे का" हे आधी बघा.

आता कंट्रोलर खराब का होतो? बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक धातूची पत्ती घासत राहते. ती पट्टी झिजली की तुम्ही हात लावला नाही तरी गेममधला माणूस आपोआप एका बाजूला सरकतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो, तिथे घासण्याचा विषयच नाही. म्हणून बॉक्सवर रंगीत लाइट किती लिहिल्यात ते बघू नका, "हॉल इफेक्ट" लिहिलंय का ते बघा.

पण खरं सांगू का, भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इकडे कन्सोल असलेली घरं किती? आपला कन्सोल म्हणजे मोबाइलच. आणि अ‍ॅक्सेसरीज म्हणजे बोटात घालायचे कापडी कव्हर, क्लिपवाले ट्रिगर आणि मागे लावायचा कूलिंग फॅन. यातला फॅन मला थोडा तरी पटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, फोन तापतो, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडकतो. फॅन नसेल तर जाड कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून खेळू नका, फरक पडतो. कंट्रोलरला टचसारखं चालवणारी मॅपिंग अ‍ॅप्स मात्र टाळा, ऑनलाइन गेममध्ये आयडी बॅन होऊ शकतो.

इथपर्यंतच्या धंद्यात तुम्ही पैसे देता आणि काहीतरी घेता. बीजीएमआयमध्ये यूसी घेऊन बंदुकीला स्किन लावली, तर मला ते फालतू वाटेल, पण किती गेले ते तुम्हाला माहीत असतं. आणि तुम्ही मॅच हरलात म्हणून क्राफ्टनला जास्त पैसे मिळत नाहीत.

पैशाच्या अ‍ॅपमध्ये हे उलटं होतं. समजा दोघांनी ५०-५० रुपये लावले, जिंकणाऱ्याला ९०, अ‍ॅपला १०. तुम्ही बरोबरीच्या खेळाडूंसोबत १०० डाव खेळलात, ५० जिंकले, ५० हरले. जिंकलेल्यात ४० प्रमाणे २,००० कमावले, हरलेल्यात ५० प्रमाणे २,५०० घालवले. म्हणजे अर्धे डाव जिंकूनही ५०० रुपये खिशातून गेले. आपल्याकडे सट्टापट्टी लिहिणारा कधी हरलेला पाहिलाय का? तोच माणूस आता फोनमध्ये बसलाय.

आणि हे तर परवानगीने चालणाऱ्या अ‍ॅपचं गणित झालं. लिंकवाल्यांचं आणखी वेगळं आहे. गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, तिथलीच गोष्ट घ्या. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा टाकला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती की ऑनलाइन जुगारात त्याचे ५८ कोटी गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक मिळाली होती, सुरुवातीला तो जिंकलाही, नंतर उतरण लागली. घरातून कोट्यवधींची रोकड, सोनं, चांदी निघाली.

इंजिनिअर म्हणून मी एवढंच सांगतो: पत्ता कोणता पडणार हे तुमचा फोन ठरवत नाही, सर्व्हर ठरवतो. तो सर्व्हर कुठे आहे, त्यातला कोड कोणी तपासलाय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. स्क्रीनवर दिसणारं बॅलन्स म्हणजे त्यांच्या डेटाबेसमधला एक आकडा. तो वाढवायला त्यांना काही खर्च येत नाही, म्हणून पहिले काही दिवस तुम्ही "जिंकता". अडचण पैसे काढताना येते.

आता कायदा. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम त्यात बंद, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे. मुंबईच्या ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, आणि सप्टेंबरच्या आशिया कपला भारताच्या जर्सीवर स्पॉन्सरचं नाव नव्हतं. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली. म्हणजे बीजीएमआयची टीम बनवून स्पर्धा खेळणाऱ्यांनी घाबरायचं काही कारण नाही.

यातला एक मुद्दा पोरांपर्यंत पोहोचतच नाही. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. पण फक्त खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पैसे गेलेले पोट्टे "पोलिस मलाच धरतील" म्हणून गप्प बसतात, आणि गेलेले पैसे परत जिंकायला मित्राकडून उसने घेतात. लिंकवाल्यांना नेमकं हेच पाहिजे असतं.

तर असं कोणाचं झालं असेल तर १९३० ला फोन करा, लगेच करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवलं तर गोठवता येण्याची शक्यता असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार होते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, लिंक यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ग्रुप डिलीट करू नका. आणि "पाच हजार भरा, अडकलेले काढून देतो" असं म्हणणारा भेटला, तर तो त्यांचाच माणूस समजा.

पुढच्या भागात ड्रिफ्ट झालेला एक कंट्रोलर उघडून स्टिक कशी बदलायची ते बघू. सोल्डरिंग गन लागेल, कोणाकडे असेल तर तयार ठेवा.